नाक वर, डोकं पाण्यात



गेल्या रविवारी भाचा आला. शिरोळ तालुक्यातला पोरगा. कृष्णा-पंचगंगेचा पूर दारात बघत वाढलेला. त्यानं जुनी डिझेल जीप घेतलीय, फोर बाय फोर. अंगणात गाडी लावली, दोनदा हॉर्न दिला आणि ओरडला, "मामा, बघा की! स्नॉर्कल बसवलं. आता कुठंबी घालायची गाडी. पुढच्या महापुरात गावातली माणसं आपणच काढायची."

उजव्या मडगार्डापासून निघून काचेच्या कडेनं टपापर्यंत गेलेला काळाकुळकुळीत पाइप. चौदा हजार रुपये मोजले होते. मी बोनेट उघडलं आणि एअर फिल्टरच्या डब्यापासून हात लावत निघालो. डब्याचं तोंड हेडलाइटच्या मागं होतं, कंपनीनं दिलं तिथंच. मडगार्डाला आतून हात लावला. भोकच नव्हतं. चार स्क्रू आणि चिकटपट्टी. पाइप बाहेरून नुसता चिकटवलेला, आणि इंजिन आपलं जुन्याच जागेवरून श्वास घेतंय.

आधी मला हसू आलं. मग लक्षात आलं की हा पोरगा ही गाडी घेऊन खरोखर पुरात जाणार होता. शोभेसाठी नाही, माणसं काढायला. मागच्या सीटवर कुणाची तरी म्हातारी आई असती, कुणाचं लेकरू असतं. आणि पाणी हेडलाइटला लागलं की इंजिन जागेवर बसलं असतं. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून आज पोस्टिंगच्या आठवणी बाजूला ठेवून भांडायला बसलोय. आठवण एक आहे, पण तीही भांडणाच्याच कामाची.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी ईएमईचा माणूस. 'कर्म ही धर्म' हे आमच्या कोअरचं ब्रीद. बावीस वर्षांत आसाम, अरुणाचल, राजस्थान, लडाख, पंजाब असं फिरलो आणि त्यातली बरीच वर्षं रिकव्हरीत गेली. म्हणजे दुसऱ्यांनी अडकवलेल्या गाड्या बाहेर काढायच्या. पाण्यातून काढलेल्या गाड्यांची इंजिनं उघडून पाहिलीत. त्या अनुभवावरून बोलतोय.

आधी इंजिनात पाणी गेलं की काय होतं ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन धरा. एका सिलिंडरचं माप झालं ६२५ सीसी. डिझेलमध्ये ही हवा साधारण अठरापट दाबली जाते. पिस्टन पूर्ण वर आला की डोक्यावर जागा उरते ती फक्त ३७ मिलिलिटरच्या आसपास. कटिंग चहाच्या ग्लासात यापेक्षा जास्त मावतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. एवढंसं पाणी आत गेलं की वर येणारा पिस्टन भिंतीवर आदळावा तसा थांबतो. मागून फ्लायव्हील ढकलतंय, पुढं पिस्टन अडलाय, मध्ये कनेक्टिंग रॉड. तो वाकतो. कधी तुटून ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. अर्ध्या सेकंदाचा खेळ, आणि खर्च नव्या इंजिनाचा.

म्हणून स्नॉर्कल हे खोटं यंत्र नाही. इंजिनाचं नाक पाण्याच्या वर नेणं ही साधी, शहाणी गोष्ट आहे. जुन्या युद्धांत जीपलाही हे करत आणि आज रणगाड्यालाही करतात. माझं भांडण स्नॉर्कलशी नाही. ते कशासाठी आहे हे न सांगता विकणाऱ्यांशी आणि न विचारता बसवणाऱ्यांशी आहे. असे तीन प्रकारचे लोक मला भेटतात.

पहिले शोभेवाले. यांचा पाइप कशालाच जोडलेला नसतो. दुकानदार म्हणतो, "गिऱ्हाईकाला लूक पाहिजे, आम्ही देतो." बाबा रे, लूकच द्यायचा तर वाघाचं चित्र काढून दे. पाण्यात जायचं साधन म्हणून दिसणारी वस्तू पाण्यात चालत नसेल तर ती फसवणूक आहे. नकली पॅराशूट 'बघायला बरं दिसतं' म्हणून कुणी विकत नाही.

दुसरे जुगाडवाले. घरातला उरलेला दोन इंची पाइप, चार कोपरे, एम-सीलचे दोन पुडे आणि 'तीनशे रुपयांत स्नॉर्कल'. यांचा मला राग कमी येतो, कारण मीही याच जातीचा. पण यांचं काम अर्धवट असतं आणि अर्धवट असल्याचं त्यांना ठाऊक नसतं.

तिसरे साहेबी थाटाचे. "परदेशी कंपनीचंच घ्या, नाहीतर नादाला लागू नका." यांचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं. पण पुरात गावातल्या माणसापर्यंत पहिली पोचते ती गावातलीच गाडी. दूधवाल्याचा पिकअप, ट्रॅक्टर, कुणाची तरी जुनी जीप. २०१९ आणि २०२१ दोन्ही साली कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांनी हे पाहिलंय. बोटी आणि जवान यायला वेळ लागतो, मी त्याच फौजेतून आलोय म्हणून सांगतो. त्या दूधवाल्याला तीस-चाळीस हजारांचं स्नॉर्कल घे म्हणणं म्हणजे घेऊ नको म्हणणंच आहे. स्वस्तात करता येतं, नीट करता येतं आणि ते करायला हक्कानं सांगितलं पाहिजे.

मग नीट म्हणजे कसं?

सगळ्यात आधी फुकटचं काम. आपल्या गाडीचं इंजिन आत्ता कुठून हवा घेतंय ते शोधा. शंभरातल्या नव्वद जणांना हे माहीत नसतं. फिल्टरच्या डब्यापासून पाइप धरून शेवटपर्यंत जा. ते तोंड जमिनीपासून किती उंच आहे ते टेपनं मोजा आणि त्याच्या एक वीत खाली दारावर खडूची रेघ मारा. ही तुमची आजची हद्द. बऱ्याच जणांना ही रेघ मारल्यावर कळतं की आपण गेल्या पावसात किती थोडक्यात वाचलो.

आता पाइप. त्याचा आतला व्यास मूळ पाइपापेक्षा कमी नको. तेच अडीच लिटरचं इंजिन ३,००० फेऱ्यांवर मिनिटाला साधारण पावणेचार हजार लिटर हवा ओढतं. तीन इंची पाइपातून ती सेकंदाला चौदा मीटरच्या आसपास वेगानं जाते. दोन इंची पाइप लावलात तर वेग सव्वादोनपट आणि अडथळा पाचपट होतो. गाडी धूर ओकते, ओढत नाही, आणि मग माणूस पाण्यात जास्त रेस देतो. पीव्हीसीचा ७५ किंवा ९० मिलिमीटरचा जाड पाइप घ्या. काटकोनी कोपरा एक टाकण्याऐवजी ४५ अंशांचे दोन टाका.

पीव्हीसी बाहेर ठीक, बोनेटच्या आत नको. सत्तर-ऐंशी अंशांवर तो मऊ पडतो आणि इंजिनाशेजारी तेवढी उष्णता सहज असते. आत जाड, तारेचा किंवा कापडाचा थर असलेला रबरी होज वापरा. पातळ होज इंजिनाच्या ओढीनं चपटा होतो. प्रत्येक जोडावर दीड इंच चढवा आणि दोन-दोन क्लिपा लावा. मडगार्डाच्या भोकाला रबरी कडं घाला, नाहीतर पत्रा होज कापतो. पाइप वरच्या टोकाला पट्टीनं गाडीला बांधा, नाहीतर झाडाची पहिलीच फांदी सगळे जोड सैल करील.

एम-सीलबद्दल एक गोष्ट लिहून ठेवा. फिल्टरचा डबा बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि त्यावर एम-सील धरत नाही. लावल्या दिवशी दगडासारखं वाटतं आणि महिन्याभराच्या थरथराटानं खपलीसारखं सुटतं. तिथं चपटी कडी, मध्ये रबराचा गॅस्केट आणि नट-बोल्ट हाच उपाय.

आणि डब्याचा तळ. बहुतेक डब्यांना खाली धूळ-पाणी बाहेर जायला एक भोक किंवा रबरी चोच असते. वर सहा फूट पाइप नेला आणि खालचं हे भोक उघडं राहिलं तर इंजिन वरून नाही, खालून पाणी पितं. जुगाडवाल्यांच्या दहापैकी आठ गाड्यांत मी हेच पाहिलंय. चोच धड असेल तर ठेवा, नुसतं भोक असेल तर बूच मारा. बूच मारलं असेल तर पावसाचं पाणी वरून येऊन साठतंय का ते अधूनमधून उघडून बघा.

शेवटी परीक्षा. इंजिन सुरू करा, नुसत्या आयडलवर ठेवा आणि स्नॉर्कलच्या तोंडावर जाड रबराचा तुकडा दाबून धरा. चार-पाच सेकंदांत इंजिन गुदमरून बंद पडलं तर काम पक्कं. ते आरामात चालत राहिलं तर हवा दुसरीकडून येतेय, आणि जिथून हवा येते तिथून पाणी येणार. डिझेल गाडी असेल तर जोडांजवळ पेटती उदबत्ती फिरवा. धूर जिथं आत ओढला जाईल तिथं गळती. पेट्रोल गाडीजवळ हा खेळ करू नका.

या सगळ्याला सामान दोन-अडीच हजारांचं लागतं आणि एक रविवार. भाच्याच्या चौदा हजारांत अशा पाच गाड्या झाल्या असत्या.

पण मंडळी, खरी गोष्ट पुढं आहे. पैसे दोनच हजार असतील तर ते स्नॉर्कलवर पहिल्यांदा घालू नका. आधी ब्रीदर. डिफरन्शियल, गियरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांना हवा बाहेर सोडायला छोट्या नळ्या असतात. चालून तापलेली गाडी थंड पाण्यात घातली की आतली हवा आकुंचन पावते आणि नळीतून, ऑइल सीलमधून पाणी आत ओढते. ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा होतो. गाडी त्या दिवशी घरी येते, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. दोन महिन्यांनी बेअरिंग ओरडायला लागतात. इलाज काय, तर आठ मिलिमीटरचा फ्यूएल होज घेऊन या सगळ्या नळ्या बोनेटच्या उंचीपर्यंत आणून बांधायच्या. चार-पाचशे रुपये. हे दिसत नाही, फोटोत येत नाही, म्हणून कुणी करत नाही. ज्या गाडीला स्नॉर्कल आहे पण ब्रीदर खालीच आहेत, तिच्या मालकाला पाण्यात जायचं नाही, फोटो काढायचाय.

तसाच रेडिएटरचा पंखा. फिरता पंखा पाण्यात बुडाला की पाती पुढं वाकतात आणि रेडिएटर फाडतात. पुढच्या जाळीवर ताडपत्री बांधा, चालण्याच्या वेगानं लो गियरमध्ये जा, मध्ये क्लच दाबू नका. आणि गाडी पाण्यात बंद पडलीच तर किल्ली फिरवू नका. निम्मी इंजिनं पाण्यानं मरत नाहीत, त्यानंतरच्या सेल्फनं मरतात. ओढून बाहेर काढा, प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढा आणि मगच फिरवा.

आता ती आठवण.

अरुणाचलात दिबांग नदीच्या काठी आमचं बस्तान होतं. तेव्हा तिथला मोठा पूल झाला नव्हता. दंबुकचा भाग पावसाळ्यात तुटायचा. पलीकडं जायचं तर नाव किंवा हत्ती. कोरड्या दिवसांत लोक नदीच्या पात्रातूनच गाड्या घालायचे. दिबांग एका धारेत वाहत नाही. मैलोन्मैल गोटे आणि वाळू, मध्ये पाच-सहा धारा, आणि आजची उथळ धार उद्या तिथंच असेल याची खात्री नाही. संत्र्यांच्या हंगामात तिथले ड्रायव्हर जे करतात ते बघून आमचे पट्टीचे चालक गप्प बसायचे.

पलीकडच्या गावचा एक जण ओळखीचा झाला होता. जुनी पेट्रोल जिप्सी होती त्याची. येताना फौजी भाईसाठी संत्री घेऊन यायचा. एकदा म्हणाला, "नाक ऊंचा कर दो भाई." मी तेव्हा नाईक होतो आणि हाताला खाज होती. दोन रविवार घालवून मी त्याला स्नॉर्कल करून दिलं. वर लिहिलंय तसंच, सगळे जोड घट्ट, तळाचं भोक बंद, तोंड दाबलं की इंजिन गप्प. आयुष्यात केलेल्या चांगल्या कामांपैकी एक. पाठ थोपटून घेतली. एकच केलं नाही. ते कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे त्याला बसवून सांगितलं नाही.

एप्रिलात डोंगरात पाऊस झाला. खाली ऊन होतं. तो मीठ, पत्रे आणि सोबत पंधरा-सोळा वर्षांचा पुतण्या घेऊन निघाला. चौथ्या धारेला पाणी गढूळ आणि नेहमीपेक्षा वर होतं. इतर दोन गाड्या काठावर थांबल्या. त्यांनी हाका मारल्या. हा हसून म्हणाला म्हणे, "मेरा तो नाक ऊपर है." आणि गाडी घातली.

आम्हाला संध्याकाळी निरोप आला. गाडी पाऊण किलोमीटर खाली गोट्यांच्या एका उंचवट्याला टेकून तिरकी उभी होती. तो स्वतः तिथंच सापडला, खांदा निखळलेला. पुतण्या नव्हता. अंधार पडला होता, पाणी चढतच होतं. रिकव्हरीची गाडी काठावर उभी करून तिचा दिवा पाण्यावर फिरवत आम्ही तीन तास हाका मारल्या. तो माणूस माझ्या शेजारी बसून होता. एक शब्द बोलला नाही. पोरगा एका वाहत आलेल्या झाडाला धरून पुढच्या बेटावर चढला होता. रात्री साडेनऊला त्याचा आवाज आला. वाचला. पण ते तीन तास कुणी माझ्याकडून परत घेतलेले नाहीत.

दोन दिवसांनी पाणी उतरल्यावर गाडी ओढून आणली. सवयीनं मी प्लग काढले. चारही सिलिंडर कोरडे. फिल्टर कोरडा. इंजिनात थेंबभर पाणी नव्हतं. माझं स्नॉर्कल शंभर टक्के पास झालं होतं. गाडी वाहून गेली होती.

तेव्हापासून हिशेब डोक्यात पक्का बसलाय, तुम्हीही बसवा. गाडी जेवढं पाणी बाजूला सारते तेवढं वजन तिच्या चाकांवरचं कमी होतं. जिप्सी साधारण टनभराची. तिचा तळ चार चौरस मीटर धरा. पाणी तळाच्या वर दहा सेंटिमीटर चढलं की ४०० किलो गेले. पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षा थोडं जास्त, चढलं की हजार. पाणी आत शिरेपर्यंत चाकं जमिनीला नुसती शिवत असतात. तेव्हा तुमचं फोर बाय फोर, तुमचे महागडे टायर, सगळं शून्य. आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला की आडवा रेटा चौपट होतो. वर चाकांखालची वाळू प्रवाह उकरून नेतो ते वेगळंच. या वेळी इंजिनाचं नाक फूटभर वर होतं की पाच फूट वर, याला काही अर्थ नसतो.

स्नॉर्कल नसलेला ड्रायव्हर बोनेटला पाणी लागायच्या आत घाबरून थांबतो. ती भीती त्याचा जीव वाचवते. स्नॉर्कल ती भीती काढून टाकतं आणि बदल्यात काही देत नाही. हे माझं मुख्य म्हणणं. स्नॉर्कल खोल जायला नाही. उथळ पाण्यात अचानक खड्डा लागला, लाट उसळली, तर मागं फिरता यावं म्हणून आहे. फौजेच्या भाषेत, तो परत यायचा पास आहे, पुढं जायचा हुकूम नाही. बसवल्यावरही खडूची रेघ तिथंच राहिली पाहिजे.

कुणी म्हणेल, जिप्सी हलकी, आमची गाडी जड. २०२४ च्या जूनमध्ये लडाखमध्ये श्योक नदी ओलांडण्याच्या सरावात रात्री अचानक पाणी वाढलं आणि टी-७२ रणगाड्यावरचे आपले पाच जवान गेले. चाळीस टनांहून जड रणगाडा, तयारी करून पाच मीटर खोल पाण्यातून जाण्यासाठी स्नॉर्कल असलेला, आणि त्यावर शिकलेले लोक. त्यांना सलाम. ते कर्तव्यावर होते. तुम्ही-आम्ही रविवारी मोबाइल समोर लावून नदीत उतरतो तेव्हा त्या पाच जणांची आठवण ठेवा. लडाखमध्ये राहिलेला प्रत्येक चालक जाणतो की बर्फाचं पाणी दुपारी चढतं. पँगाँगच्या वाटेवरच्या पागल नाल्याला नाव उगाच पडलेलं नाही. सकाळी घोट्याएवढा, दुपारी गाडी अडवणारा. तिथं पाइपापेक्षा घड्याळ कामाचं.

कायद्याचंही सांगतो, कारण विकणारा सांगणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली नोंदीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं ते ठामपणे सांगितलंय. भोक पाडायच्या आधी आरटीओत विचारा. साध्या विम्यात पाणी ओढून झालेली इंजिनाची मोडतोड सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण जोडावं लागतं. पॉलिसी वाचा. आणि २०२३ च्या डिसेंबरात लाहौलमध्ये ट्रॅफिक चुकवायला चंद्रा नदीतून गाडी घालणाऱ्याला पोलिसांनी चलान केलं, ते बरोबरच केलं.

माझ्या मागण्या फार नाहीत. विकणाऱ्यांनी न जोडलेले पाइप विकणं बंद करावं, आणि जोडलेल्यांबरोबर 'यानं गाडी वाहायची थांबत नाही' एवढं एक वाक्य मराठीत द्यावं. ऑफ-रोडवाल्या क्लबांनी रबराची परीक्षा आणि ब्रीदर बघितल्याशिवाय कुणाला पाण्यात सोडू नये. व्हिडिओवाल्यांनी पाइप चिकटवताना दाखवतात तशी परीक्षाही दाखवावी, नापास झाली तरी. आणि ग्रामपंचायतींनी प्रत्येक फरशी पुलाच्या दोन्ही टोकांना फुटांच्या ठळक खुणा रंगवलेला एक खांब उभा करावा. एक खांब, एक डबा रंग. गावातल्या सगळ्या गाड्यांना मिळून होणारा यापेक्षा स्वस्त बदल मला माहीत नाही.

ड्रायव्हरसाठी नियम एकच. कमरेला दोर बांधून, हातात काठी घेऊन जे पाणी पायी ओलांडता येत नाही, त्यात गाडी घालायची नाही. ओलांडता आलं तर काचा खाली, सीटबेल्ट सोडलेला, दोर पुढं बांधलेला, आणि मग जायचं.

भाच्याचं काय झालं? दिवसभर आम्ही गाडीखाली होतो. चारही ब्रीदर वर आणले. साडेचारशे रुपये झाले. तो पाइप काढून ओसरीत ठेवलाय. पुढच्या रविवारी खरं भोक पाडून जोडायचा की दुकानदाराच्या डोक्यात घालायचा हे त्यानं ठरवायचंय. मी दारावर खडूनं रेघ मारली. त्याच्या गुडघ्याच्या जरा वर आली.

"एवढीच?" तो म्हणाला.

"एवढीच."

"मग मामा, महापुरात काय उपयोग गाडीचा?"

"पाणी रेघेला लागायच्या आधी चार फेऱ्या मारायच्या," मी म्हटलं. "म्हातारी माणसं, पोरं, जनावरांचं वैरण-पाणी. रेघेला लागलं की गाडी उंचावर लावायची आणि बोटीची वाट बघायची."

तो जरा हिरमुसला. मग खिशातून रंगाचा मार्कर काढला आणि खडूच्या रेघेवरून पक्की रेघ ओढली.

जय हिंद.